लेव्हल वनसाठी एच की आय? आणि लाँचच्या दिवशी नेमकं काय काय होतं

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चार इंची रॉकेटचं किट बांधून झालंय, मोटर माउंट (मोटर बसायची नळी) ३८ मिलिमीटरचा, मोटरसकट वजन दीड किलोच्या आसपास, पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या ल्यूसर्न ड्राय लेकवर, म्हणजे सपाट कोरड्या तळ्यावर, क्लबच्या लाँचला जाऊन लेव्हल वन, म्हणजे मोठ्या मोटरी उडवायचं पहिलं सर्टिफिकेट, करायचंय. ॲडॉप्टर लावून २९ मिलिमीटरची एच मोटर उडवावी की सरळ ३८ ची, त्याहून जोरदार आय लावावी हा प्रश्न, कारण "एवढ्या लांब जातोय तर उंच तरी जाऊ दे". बायको आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर येणार, दिवसभर तिथे काय चालतं याची कल्पना नाही. आणि उरलेली मोटर डिसेंबरात भारतात भावाला नेता येईल का.

एच घ्या. मी त्याच तळ्यावर बरीच वर्षं उडवतोय, लेव्हल टू आहे, मधूनमधून सेफ्टीच्या टेबलावर बसून इतरांची रॉकेटंही तपासतो, तर तिथे जे बघतो त्यावरून सांगतो.

लेव्हल वनला उंचीचे मार्क नसतात हो. परीक्षा एवढीच की तुम्ही स्वतः बांधलेलं रॉकेट सरळ वर जावं, पॅराशूट उघडावं, मोटरचं केसिंग, म्हणजे तिची धातूची नळी, आतच राहावं, आणि खाली आलेलं रॉकेट तुम्ही उचलून आणून साक्षीदाराच्या हातात दिलंत की त्याने म्हणावं, यात दुसरी मोटर घातली तर हे आत्ता परत उडेल. लेखी परीक्षा नाही, ती लेव्हल टूला असते. त्यामुळे कुठली मोटर हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न हे रॉकेट धडधाकट परत कसं मिळेल हा, आणि तो सुटला की मोटरचं उत्तर आपोआप मिळतं.

अक्षरांचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोटरच्या नावातलं अक्षर म्हणजे तिचा एकूण जोर, आणि दर अक्षराला तो दुप्पट होत जातो. एच म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, आय म्हणजे ३२० ते ६४०. अक्षरापुढचा आकडा म्हणजे सरासरी थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचं बळ, न्यूटनमध्ये. एच आणि आय दोन्ही लेव्हल वनमध्येच येतात, जे, के, एल लेव्हल टूला, एम आणि पुढच्या लेव्हल थ्रीला. म्हणजे एच उडवून मिळणारं सर्टिफिकेट आणि आय उडवून मिळणारं सर्टिफिकेट एकच, आणि एचवर पास झालात की त्याच दुपारी आय लावायला तुम्हाला कोणी अडवणार नाही.

आता वाऱ्याचा हिशोब बघा. तुमच्या वजनाचं चार इंची रॉकेट एचवर साधारण बाराशे फुटांपर्यंत जाईल, ३८ च्या आयवर अडीच हजार किंवा त्याच्याही वर. पॅराशूटखाली सेकंदाला १८ फुटांनी खाली येतंय असं धरा. बाराशे फुटांवरून यायला ६७ सेकंद, अडीच हजारांवरून १३९. वारा ताशी १० मैल असेल तर सेकंदाला जवळजवळ १५ फूट वाहून नेणार, म्हणजे एचवालं रॉकेट तीनशे मीटरवर पडतं आणि आयवालं सव्वासहाशे मीटरवर. वारा १५ मैल झाला तर आयवालं नऊशे मीटरच्या पुढे. तळं सपाट आहे, दिसेल हे खरं, पण नऊशे मीटरवर पडलेलं चार इंची रॉकेट नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत, त्यात ऊन चढल्यावर जमिनीवरची हवा थरथरायला लागते आणि सगळंच पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. आणि तळ्याच्या कडेला झुडपं सुरू झाली की विचारूच नका.

हे सगळं अर्थात परिस्थितीवर आहे. सकाळी सातला वारा पडलेला असेल तर आयसुद्धा पॅडजवळ येऊन बसेल. पूर्वेकडच्या एखाद्या शेतावरच्या क्लबला जात असाल आणि मका डोक्याएवढा उभा असेल तर मी एचसुद्धा कमीत कमी जोराची घ्या म्हणेन. रॉकेट तुम्ही म्हणताय त्यापेक्षा जड भरलं, आणि ते हमखास भरतं कारण इपॉक्सी आणि रंग कुणी मोजत नाही, तर गणित बदलेल. म्हणून रंग वाळल्यावर, पॅराशूट घालून, मोटरसकट वजन करा आणि तेच ओपनरॉकेट या सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये टाका. किटच्या डब्यावरचं वजन विसरून जा.

सिम्युलेशनमधून तीन गोष्टी बघायच्या. एक, रेल, म्हणजे रॉकेटला सरळ धरणारी लाँचची पट्टी, सोडताना वेग किती, तो सेकंदाला १५ मीटरच्या खाली नको, कारण त्याच्या खाली फिन्सना, म्हणजे शेपटीच्या पंखांना, पुरेशी हवा मिळत नाही आणि रॉकेट कुठेही वळू शकतं. दोन, गुरुत्वमध्य प्रेशरच्या केंद्राच्या (सीपी, हवेचा दाब जिथे एकवटतो ती जागा) पुढे किती आहे, रॉकेटच्या व्यासाच्या एक ते दोन पट अंतर असलं की झालं. जास्त असलं की अजून चांगलं असं लोकांना वाटतं, पण जास्त झालं तर रॉकेट वाऱ्यात तोंड खुपसून आडवं पळतं. गुरुत्वमध्य प्रत्यक्ष रॉकेटवर मोजा, मोटर घालून, दोरीवर तोलून, आणि दोन्ही जागी पेन्सिलीने खूण करा, टेबलावर तुम्हाला हे विचारणारच. तीन, थ्रस्ट वजनाच्या निदान पाचपट हवा. २९ च्या केसिंगमध्ये एच-१२८ घेतली तर दीड किलोला साडेआठ पटीच्या वर होतं, भरपूर आहे. वारा असण्याची शक्यता वाटली तर त्याच केसिंगमध्ये बसणारी एच-२३८ किंवा एच-१६५ बघा, त्या जास्त जोरात ढकलतात, रेल लवकर सुटते आणि वाऱ्याला रॉकेट वळवायला वेळ कमी मिळतो.

आता जिथे सर्वात जास्त लेव्हल वन नापास होतात तिथे येऊ. डिले आणि पॅराशूट.

मोटर एक-दीड सेकंदात जळून संपते, मग रॉकेट नुसतं वेगाच्या जोरावर वर जात राहतं, तेवढ्यात आत डिलेचा घटक हळूहळू जळत असतो, आणि तो संपला की वरच्या बाजूच्या काळ्या दारूचा छोटा स्फोट होऊन नोजकोन, म्हणजे रॉकेटचं पुढचं टोक, उडतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. हे नेमकं शिखरावर व्हायला हवं, जिथे वेग जवळपास शून्य असतो. दोन सेकंद लवकर किंवा उशिरा झालं तर रॉकेटचा उभा वेग ताशी ७० किलोमीटर असतो, तीन सेकंदांची चूक झाली तर शंभराच्या वर. त्या वेगात पॅराशूट उघडलं की शॉककॉर्ड, म्हणजे नोजकोन आणि ट्यूब जोडणारी दोरी, ताणून कागदी ट्यूबच्या तोंडात घुसते आणि ट्यूब वरून खाली उभी चिरत नेते. याला तिथे सगळे झिपर म्हणतात. मागच्या हिवाळ्यात एका पोराचं रॉकेट इतकं सुंदर सरळ गेलं, पॅराशूटही उघडलं, हळुवार उतरलं, पळत जाऊन घेऊन आला, आणि टेबलावर ठेवलं तर बॉडी ट्यूब बोटभर रुंद चिरलेली, चार इंच खोल. उडायला सगळं छान, पण परत उडण्याजोगं नाही म्हणजे नापास. डिले तीन सेकंद लवकरचा होता, बाकी काही चुकलं नव्हतं.

तर करायचं काय, लांब डिलेवाला रिलोड (केसिंगमध्ये भरायचा संच) घ्यायचा आणि डिले ड्रिलने कमी करायचा. सिम्युलेशन म्हणतंय की मोटर जळाल्यावर शिखरापर्यंत सात सेकंद, आणि डिले चौदा सेकंदांचा आहे, तर सहा कमी करून आठ ठेवायचा. ड्रिलचं टूल बाजारात मिळतं, हाताने फिरवायचं असतं, पॉवर ड्रिल अजिबात नाही. तुमच्याकडे टूल नसेल तर मोटर विकणारा व्हेंडर लाँचवर असतो त्याच्याकडे किंवा शेजारच्या तंबूत मागा, कोणीही देईल. किंचित उशिरा झालेलं बरं की लवकर यावर क्लबात वाद आहेत, मी अर्धा-एक सेकंद उशिराच्या बाजूने आहे, कारण वाऱ्यात थोडं वळलेलं रॉकेट शिखरावरही आडवा वेग घेऊन असतं आणि प्रत्यक्षात डिले एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होतातच.

पॅराशूटचं पॅकिंग घरी आदल्या रात्री दहा वेळा करून बघा. शॉककॉर्ड किटमध्ये आखूड दिलेली असेल तर बदला, रॉकेटच्या लांबीच्या निदान तीनपट हवी. कॉर्ड साडीच्या निऱ्या घालतो तशी मागेपुढे दुमडायची आणि दर काही निऱ्यांना मास्किंग टेपचा एक हलका वेढा द्यायचा, उघडताना एकेक वेढा सुटत जातो आणि झटका वाटला जातो. नोमेक्सचं (सहज न जळणारं) फडकं पॅराशूट आणि मोटरच्या मध्ये आलंच पाहिजे, नाहीतर गरम गॅसने नायलॉन वितळून गोळा होतो. पॅराशूट गुंडाळल्यावर ट्यूबमध्ये स्वतःच्या वजनाने घसरायला हवं. बोटाने ढकलावं लागत असेल तर घडी जाड झालीये, काढून परत घाला. नोजकोनचं घट्टपण असं बघायचं: नोजकोन धरून पूर्ण रॉकेट उचला, ते पडता कामा नये, आणि मग हलकेच झटका द्या, तेव्हा सुटायला हवं. सैल असेल तर नोजकोनच्या खांद्यावर मास्किंग टेपची पट्टी, घट्ट असेल तर सँडपेपर. हे घरी केलेलं असलं तरी तळ्यावर परत करा, कारण कागद आणि प्लास्टिक उन्हात वेगवेगळे फुगतात आणि समुद्रालगतच्या गॅरेजात छान बसलेला कोन वाळवंटात तसाच बसेल असं नाही.

आणि ॲडॉप्टर. तुम्ही २९ ची मोटर ३८ च्या माउंटमध्ये घालताय, म्हणजे दोन ठिकाणी अडकवणं आलं, मोटर ॲडॉप्टरला आणि ॲडॉप्टर माउंटला. इजेक्शनचा, म्हणजे पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या स्फोटाचा, धक्का दोन्ही बाजूंना बसतो, नोजकोन पुढे आणि मोटर मागे. मोटर मागून निसटली तर पॅराशूट उघडणारच नाही, आणि समजा उघडलं तरी केसिंग हरवलं म्हणजे नापासच. स्क्रूवाला रिटेनर लावा, नुसत्या टेपच्या घर्षणावर सोडू नका. टेबलावर बसलो की मी प्रत्येक लेव्हल वनवाल्याची मोटर मागून अंगठ्याने दाबून आणि ओढून बघतो.

इथपर्यंतचं सगळं घरचं काम आहे: खरं वजन, सिम्युलेशन, डिले, कॉर्ड, पॅराशूट, रिटेनर. हे झालेलं असेल तर लाँचचा दिवस निवांत जातो.

आता तो दिवस. ऑरेंज काउंटीकडून येत असाल तर कहोन पास चढून व्हिक्टरव्हिलवरून दोन-अडीच तास धरा. आमचा क्लब महिन्यातून एकदा, साधारण दुसऱ्या शनिवारी उडवतो, पण आदल्या दिवशी वेबसाइट बघून निघा कारण पाऊस झाला की तळ्याची माती लोण्यासारखी होते आणि गाड्या रुततात, मग लाँच रद्द. तळं कोरडं असलं की डांबरी रस्ता सोडून सरळ त्या भेगाळलेल्या मातीवर गाडी घालायची, तंबू दिसतात तिकडे जायचं, हळू, कारण धूळ उडवत गेलात तर सगळ्यांच्या इपॉक्सीवर बसते. सातला पोचा. वाळवंटात दुपारी वारा उठतो, बहुतेक दिवशी अकरानंतर फरक कळायला लागतो, आणि लेव्हल वनसाठी सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे आहेत.

सावली आपली आपण न्यायची. कॅनोपी न्या आणि तिला प्रत्येक पायाला वजन बांधा, पाण्याचे कॅन चालतात, वावटळ आली की मोकळी कॅनोपी उडून दुसऱ्याच्या टेबलावर जाते. पाणी माणशी चार लिटर, टोप्या, सनस्क्रीन, पूर्ण बाह्यांचे कपडे. खायला आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, दिवसभर टिकतं आणि हात धुवावे लागत नाहीत.

पोचल्यावर आधी नोंदणी करा, सभासदत्वाचं कार्ड दाखवा, आणि लेव्हल वनचा फॉर्म उडवण्याआधी साक्षीदाराकडे द्या. हे महत्त्वाचं आहे, उडवून झाल्यावर "हे माझं सर्टिफिकेशन होतं" म्हणून चालत नाही. साक्षीदार बांधणी बघेल, दोन-चार प्रश्न विचारेल, सीपी कुठे, डिले किती, किती उंच जाणार. ही तोंडी परीक्षा नाही, घाबरू नका. तो माणूस तुमचं रॉकेट परत यावं म्हणूनच विचारतोय आणि काही सुटलं असेल तर तिथेच दुरुस्त करायला मदत करतो.

मोटर सावलीत बसून जोडा, रिलोडबरोबरचा कागद समोर उघडा ठेवून, ओळ वाचायची आणि मग हात चालवायचा. ओ-रिंगला ग्रीस लावायचं, पण डिलेच्या जळणाऱ्या तोंडाला आणि प्रोपेलंटला, म्हणजे इंधनाला, ग्रीस लागू द्यायचं नाही. त्या वेळी कोणी गप्पा मारायला आलं तर सरळ सांगा की मोटर जोडतोय, नंतर बोलू. तिथे याचं कोणाला वाईट वाटत नाही. आणि शेवटी इजेक्शनची दारू ओतून लाल टोपी लावली का ते बोट लावून बघा. दारूच नसलेली मोटर सुंदर उडते आणि रॉकेट तसंच सुईसारखं जमिनीत रुततं.

मग फ्लाइट कार्ड भरायचं, नाव, रॉकेट, वजन, मोटर, सर्टिफिकेशन फ्लाइट आहे अशी खूण, आणि रेंज सेफ्टी ऑफिसरच्या टेबलावर रॉकेट न्यायचं. तो फिन हलवून बघेल, रेल बटणं, मोटर, नोजकोन, आणि कार्डावर सही करून पॅड देईल. इथपर्यंत इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी वायर, मोटरच्या बाहेर, खिशात. तो फक्त पॅडवर, रॉकेट रेलवर उभं केल्यावर घालायचा, त्याआधी कुठल्याही कारणाने नाही.

रेंज, म्हणजे पॅडची जागा, उघडी आहे अशी घोषणा झाली की पॅडवर जायचं. रॉकेट आडव्या रेलवर सरकवा, रेल उभी करा, कुलूप लावा. इग्नायटर नोझलमधून, म्हणजे मोटरच्या मागच्या तोंडातून, आत सरकवत न्या, वर टेकेपर्यंत. पूर्ण टेकेपर्यंत. हे लिहितोय कारण पेटली नाही अशा मोटरींपैकी निम्म्यांत इग्नायटर अर्ध्यातच अडकलेला असतो. घरी मोटरच्या उंचीएवढ्या ठिकाणी वायरवर टेपची खूण करून ठेवा, ती नोझलपाशी आली की समजा वर पोचला. नोझलची प्लास्टिक टोपी वायर धरून ठेवते, तिला गॅस जायला फट ठेवा. मग लाँचच्या बटणाकडून येणाऱ्या तारांच्या क्लिपा, आधी दोन्ही क्लिपा एकमेकींना लावून ठिणगी येत नाही ना बघा, दात काळे झाले असतील तर सँडपेपर मारा, वायर क्लिपेभोवती दोन वेढे, आणि क्लिपा एकमेकींना किंवा धातूच्या पत्र्याला लागत नाहीत ना बघा. मग मागे वळून चालत या. एच आणि आयसाठी निदान शंभर फूट लांब उभं राहायचं असतं, आमच्याकडे पॅड त्याहून लांबच मांडतात.

लाँच कंट्रोल ऑफिसर माइकवर तुमचं नाव घेईल, पहिली सर्टिफिकेशन फ्लाइट आहे असं सांगेल, आकाश मोकळं, रेंज मोकळी म्हणेल, पाच आकडे मोजेल. सगळा तळ त्या वेळी उभा राहून वर बघत असतो. ढग आकाशाच्या अर्ध्याहून जास्त असतील तर थांबावं लागतं, ढगात रॉकेट घालायला परवानगी नाही, हा विमान प्रशासनाचा, एफएएचा नियम आहे आणि क्लबने त्यांच्याकडून घेतलेल्या परवानगीवर आपण सगळे उडवतो. वारा ताशी २० मैलांच्या वर गेला तरी बंद. समोरून वावटळ चाललीये असं दिसलं तर ऑफिसर दोन मिनिटं थांबेल, तुम्हीही थांबा म्हणू शकता, तुमचं रॉकेट आहे. बटण दाबून काहीच झालं नाही तर कोणी पुढे जायचं नाही, निदान एक मिनिट थांबायचं, मग घोषणा झाली की जाऊन इग्नायटर बदलायचा. हे नापास होणं नव्हे.

उडताना फोनच्या पडद्यातून बघू नका, व्हिडिओ बायकोला काढायला सांगा. तुमचं काम एकच, नजर रॉकेटवरून हटवायची नाही, पॅराशूट उघडल्यावर तर बिलकुल नाही. जमिनीला टेकेल त्या रेषेत क्षितिजावर एखादी खूण पकडा, डोंगराचा कोपरा, विजेचा खांब, आणि फोनच्या कंपासने दिशा टिपून घ्या. शक्य असेल तर बायकोने पन्नास-शंभर पावलं बाजूला उभं राहून तिच्या जागेवरून दिशा टिपावी, दोन रेषा जिथे कापतात तिथे रॉकेट. सपाट तळ्यावर ते वाटतं त्यापेक्षा नेहमी पुढे पडलेलं असतं, म्हणून सापडलं नाही की परत फिरू नका, त्याच रेषेत अजून चाला. रॉकेटवर आत-बाहेर फोन नंबर लिहा, डर्टबाइकवाले फिरत असतात आणि सापडलेलं रॉकेट आणून देतात. उचलण्याआधी एक फोटो काढा, आणि रेंज उघडी आहे ना ते ऐकल्याशिवाय पॅडच्या बाजूला जाऊ नका. मग काही न सोडवता तसंच्या तसं, पॅराशूट आणि कॉर्डसकट, साक्षीदाराकडे न्या. तो फिन बघेल, ट्यूबच्या तोंडावर बोट फिरवेल, केसिंग आत आहे का बघेल, आणि सही करेल.

त्यानंतर आय लावायची असेल तर खुशाल लावा, वारा बघून. अडीच हजार फुटांसाठी जॉली लॉजिकचं शूट रिलीज मागून घ्या कोणाकडून तरी. ते गुंडाळलेल्या पॅराशूटला रबरबँडने बांधतात, रॉकेट शिखरावरून तसंच भरभर पडत येतं आणि ठरवलेल्या उंचीवर, समजा चारशे फुटांवर, ते बंध सोडतं. मग वाहून जाणं एचपेक्षाही कमी होतं. आधी सांगितलेलं नऊशे मीटरचं गणित यानेच मोडतं. पण सर्टिफिकेशनच्या उड्डाणाला मी ते वापरा असं म्हणणार नाही, चार्ज करायची, चालू करायची एक वस्तू वाढते, आणि पहिल्या दिवशी डोक्यात आधीच पुरे असतं.

मुलीसाठी एस्टेस कंपनीचं छोटं किट आणा, ए किंवा बी मोटरवालं. छोट्या रॉकेटांचे पॅड वेगळे असतात, त्यांना पंधरा फूट अंतर पुरतं, ती स्वतः बटण दाबू शकते. मोठ्या पॅडवर मात्र तिला नेता येणार नाही. तिला एक गोष्ट आधी नीट समजावा: कोणी "हेड्स अप" ओरडलं की हातातलं सोडून वर बघायचं, सगळे बोट दाखवतात त्या दिशेने, आणि पळायचं नाही, रॉकेट कुठे येतंय ते बघून बाजूला व्हायचं. खाली येणारं रॉकेट झेलायचं तर कधीच नाही. पहिल्या तासात दोन-तीन वेळा हे करून मुलांच्या अंगवळणी पडतं, मोठ्यांपेक्षा लवकर.

दुपारी वारा पंधराच्या वर गेला आणि तुमचा नंबर आला नसेल तर न उडवता परत या, हे मी अगदी मनापासून सांगतो. मोटर खराब होत नाही, बंद पिशवीत कोरड्या जागी ठेवली तर पुढच्या महिन्यात तशीच चालते. मोटर घरी ठेवायला परमिट लागतं असं जुन्या लेखांत वाचाल, ते २००९ च्या आधीचं आहे. त्या वर्षी नॅर आणि ट्रिपोली या दोन्ही रॉकेट संघटनांच्या दाव्यात फेडरल कोर्टाने या प्रोपेलंटला स्फोटकांच्या यादीत धरणं रद्द केलं.

भारतात नेण्याचं मात्र नाही. रॉकेट मोटर विमानात ना हातातल्या बॅगेत चालते ना चेक-इनमध्ये, एकटा इग्नायटरसुद्धा नेऊ नका. रिकामं किट न्या भावाला, ते चालतं.

किटचं नाव आणि ओपनरॉकेटची फाइल इथे टाकलीत तर डिले किती कमी करायचा ते बघून सांगतो. वजन तेवढं रंग वाळल्यानंतरचं टाका.